साथ संपल्याची तारीख

हेमांगी लोहारच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती पावसामुळे.

२०३९ चा सप्टेंबर संपत आला होता. सत्तावीस तारखेला देवखोऱ्यात परतीचा पाऊस असा कोसळला, की बाजारपेठेतल्या दुकानदारांनी पायऱ्यांवर वाळूच्या गोण्या रचल्या. दुसऱ्या दिवशी बुधवार, म्हणजे हेमांगीचा नमुन्याचा दिवस. ती नगरपालिकेच्या सांडपाणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. उपजिल्हा रुग्णालयाच्या मागे एक मोठं चेंबर होतं. अर्ध्या गावाचं आणि रुग्णालयाचं सांडपाणी तिथे एकत्र यायचं. सकाळी आठ वाजता त्याचं झाकण उचलायचं, बाटलीभर पाणी घ्यायचं, प्रयोगशाळेतल्या यंत्रात घालायचं आणि दुपारपर्यंत आकडा जिल्ह्याला कळवायचा. दीड वर्षात तिने एकही बुधवार चुकवला नव्हता.

यंत्र दोन गोष्टी मोजायचं. पहिली, कोरड्या तापाचा विषाणू. ज्याला हा ताप झालाय त्याच्या पोटातून विषाणूचे तुकडे बाहेर पडतात, अगदी ज्याला साधा खोकलाही आलेला नाही त्याच्याही. माणसं आजार लपवतात. गटाराला ते जमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मिरचीवरचा एक विषाणू. तो माणसाचं काही बिघडवत नाही. मिरचीच्या झाडावर जगतो, तिखटातून आपल्या पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. देवखोऱ्यासारख्या तिखटखाऊ गावात तो बाराही महिने सापडायचा, म्हणून मापाच्या कामी यायचा. तो किती भरला यावरून कळायचं, की बाटलीत माणसांची घाण किती आणि नुसतं पाणी किती.

अठ्ठावीस तारखेला मिरचीचा विषाणू नेहमीच्या पंधराव्या हिश्श्याइतकाच भरला. ते बरोबरच होतं. रात्रभराच्या पावसाने गटार पातळ झालं होतं. पण कोरड्या तापाचा विषाणू मागच्या बुधवारी जितका होता, तितकाच होता.

आमटीत चार तांबे पाणी ओतलं, आमटी पातळ झाली, पण खारटपणा तेवढाच राहिला, असं कधी होतं? पाणी ओतल्यावर कुणीतरी वरून मीठ घातलं असेल, तरच.

हेमांगीने चाचणी पुन्हा केली. आकडा हलला नाही.

गटारात विषाणू टाकण्यात कुणाला काय मिळणार, याचं उत्तर कायद्यातच होतं. साथ दिलासा कायदा आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. आधीच्या साथीत डॉक्टरांना मारहाण झाली होती, परिचारिकांवर खटले भरले गेले होते, आडगावची रुग्णालयं ओस पडली होती. नव्या कायद्याने ठरवलं, की तालुका साथग्रस्त असेतोवर उपचार करणाऱ्याने सद्भावनेने केलेल्या चुकीबद्दल त्याच्यावर दावा लावता येणार नाही. हे कलम अकरा. कायदा उठेपर्यंत केसपेपरही बंद; त्यानंतर ते उघडणार आणि चूक खरंच सद्भावनेची होती का, याची चौकशी होऊ शकणार. त्याच्या बदल्यात कलम बारा: साथ असेतोवर राजीनामा नाही, रजा नाही, ड्यूटीच्या तासांना मर्यादा नाही आणि साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नाही. शिवाय मदत म्हणून देवखोऱ्याला बावीस जादा परिचारिका, एक भूलतज्ज्ञ आणि आठ व्हेंटिलेटर मिळाले होते. तेही साथ असेतोवरच.

साथ संपली हे पूर्वी मंत्री ठरवायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून ते काम आता यंत्रावर सोपवलं होतं. सलग चार बुधवार गटारात विषाणू सापडला नाही, की कायदा आपोआप उठणार. कुणाच्या सहीची गरज नाही. ऑगस्टच्या सतरा, चोवीस आणि एकतीस तारखेला देवखोऱ्याचा आकडा शून्य आला होता. चौथ्या बुधवारी, सात सप्टेंबरला, विषाणू पुन्हा दिसला आणि मग दर आठवड्याला दिसत राहिला. वॉर्डात मात्र कोरड्या तापाचा एकही नवा रुग्ण नक्की झाला नव्हता.

त्या दुपारी दत्ताराम गुरव प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. तो दर बुधवारी यायचा. एसटीत कंडक्टर होता. खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्याची बायको सुनंदा दहा सप्टेंबरला दम लागतो म्हणून रुग्णालयात गेली आणि बारा तारखेला कापडात गुंडाळून बाहेर आली. तिला कोरडा ताप नव्हताच. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. पण तालुका साथग्रस्त, त्यामुळे दम लागलेला प्रत्येक माणूस साथीच्या वॉर्डात. तिथे रक्त पातळ करायचं इंजेक्शन तिला एकदाच्या ऐवजी दोनदा दिलं गेलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला. एवढं त्याला एका वॉर्डबॉयकडून कळलं होतं. रुग्णालयाने कलम अकरा दाखवून केसपेपरसुद्धा दिला नव्हता.

"ताई, आज काय आलं?"

"आहे अजून."

"पेशंट तर एकबी न्हाई. मग ह्यो रोग गटारातच ऱ्हातोय व्हय?"

हेमांगीने बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं. गुरव चप्पल घालून निघून गेला.

तिचा संशय थेट डॉक्टर पोतनिसांवर गेला. निरंजन पोतनीस रुग्णालयाचे अधीक्षक. सप्टेंबरपासून ते दर मंगळवारी तिला न चुकता फोन करायचे, "उद्या आठलाच येणार ना?" असं विचारायचे. एकदा तर तिने त्यांना त्या चेंबरपाशी छत्री घेऊन एकटंच उभं राहिलेलं पाहिलं होतं. सुनंदा गुरवचा केसपेपर त्यांच्याच कपाटात होता. कायदा उठला तर पहिली नोटीस कुणाच्या नावाने निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पुरावा मात्र हवा होता. प्रत्येक बुधवारच्या नमुन्यातला थोडा भाग ती डीप फ्रीजरमध्ये जपून ठेवायची. आठवड्याच्या चाचणीत विषाणूचा एक छोटा तुकडा आहे की नाही, एवढंच कळायचं. पण प्रयोगशाळेत तळहाताएवढं दुसरंही एक यंत्र होतं, विषाणूची अख्खी संहिता अक्षर अक्षर वाचणारं. ते वर्षातून दोनदाच काढलं जायचं. हेमांगीने ते काढलं आणि सात सप्टेंबरपासूनचे सगळे नमुने एकामागून एक वाचले.

चार जागी अक्षरं बदललेली होती. प्रत्येक नमुन्यात त्याच चार जागी. तिने ती ओळखली, कारण ती निसर्गाने बदललेली नव्हती. कोरड्या तापाची लस नाकात फवारतात. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि दुबळा करताना कारखान्याने नेमकी हीच चार अक्षरं बदललेली असतात. लस घेतलेल्या माणसाच्या पोटातून हा दुबळा विषाणू फार तर पंधरा दिवस बाहेर पडतो. देवखोऱ्यातलं लसीकरण मे महिन्यात संपलं होतं. खऱ्या तापाचा विषाणू एकाही नमुन्यात नव्हता.

म्हणजे साथ सात सप्टेंबरलाच संपली होती. सुनंदा गुरव दहा तारखेला दाखल झाली होती.

हेमांगी पोतनिसांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते डबा खात होते. तिने कागद समोर ठेवले. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"हे अजून कुणाला दाखवलंत?"

हा प्रश्न येणार हे ती धरूनच आली होती. "जिल्ह्याला पाठवायची तयारी आहे," ती म्हणाली. ते खोटं होतं.

"आणि तुम्हाला वाटतंय हे मी केलं."

पोतनिसांनी खालचा खण ओढून एक पाकीट काढलं. राजीनामा होता, फेब्रुवारीच्या तारखेचा. त्याला जोडून मार्च, मे आणि ऑगस्टची स्मरणपत्रं. प्रत्येकावर एकच शेरा: कलम बारानुसार अमान्य.

"माझे वडील अकोल्याला असतात. त्यांना आता माझं नाव आठवत नाही," ते म्हणाले. "दर मंगळवारी तुम्हाला फोन करतो तो याच आशेने, की उद्या तरी शून्य येईल. त्या चेंबरपाशी जाऊन उभा राहिलो होतो, हेही खरं. मला कळेना, हा विषाणू येतो कुठून."

"गुरवांचा केसपेपर तुम्ही दिला नाहीत."

"नाही दिला. तो बाहेर गेला तर माझी एक सिस्टर तुरुंगात जाईल. कायदा आहे तोवर देणार नाही."

"लशीच्या उरलेल्या कुप्या कुठे असतात?"

"शीतखोलीत. मुदत संपली की नष्ट करायच्या असतात." ते थांबले. "चावी माझ्याकडे असते, आणि मेट्रनकडे."

हेमांगी बाहेर पडली ती चिडूनच. आपल्यावरचं बालंट दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, तेही एस्तेर सिस्टरच्या? राजीनाम्याची पाकिटं काय, कुणीही तयार करून ठेवील.

एस्तेर सातपुते, रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका. तिशी-पस्तिशीतल्या निम्म्या गावाने पहिला श्वास त्यांच्या हातांवर घेतलेला. हेमांगी विसाव्या वर्षी त्यांच्याकडे नर्सिंग शिकायला आली होती आणि रक्त पाहून तिसऱ्यांदा चक्कर आल्यावर घरी निघाली होती. तेव्हा एस्तेरनेच तिला प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाला घातलं. "रक्त बाटलीत असलं की तुला भीती वाटत नाही, हेमा. मग बाटलीतलंच काम कर," असं म्हणाल्या होत्या. अजूनही दर बुधवारी नमुना घेऊन झाला, की सिस्टरच्या खोलीत आल्याचा चहा ठरलेला.

पुढच्या बुधवारी, पाच ऑक्टोबरला, हेमांगी कुणालाही न सांगता सातलाच पोचली. मोठ्या चेंबरला रुग्णालयाच्या आतून चार नळ येऊन मिळायचे. तिने आतली चारही छोटी चेंबरं एकेक करून उघडली. स्वयंपाकघर, बाह्यरुग्ण विभाग, साथीचा वॉर्ड, लाँड्री. चार बाटल्या भरल्या आणि सोबत आणलेल्या जलद चाचणीच्या पट्ट्या बुडवल्या. दहा मिनिटांत तीन पट्ट्या कोऱ्या राहिल्या. चौथी, लाँड्रीची, गडद निळी झाली. लाँड्रीचा नळ मोठ्या चेंबरच्या झाकणाच्या अगदी खाली उघडत होता. ती दर बुधवारी बाटली धरायची, नेमकी तिथेच. ही धार पावसाच्या पाण्यात पातळ होण्याआधीच, चेंबरच्या पाण्यासोबत, बाटलीत पडायची.

लाँड्रीचं दार लोटलेलं होतं. आत वाफ होती, उकळलेल्या चादरींचा वास होता. एस्तेर सिस्टर मोरीपाशी उभ्या होत्या आणि हातातल्या रिकाम्या कुप्या मोजून पिशवीत टाकत होत्या. हेमांगीला पाहून त्या दचकल्या नाहीत.

"आज लवकर आलीस."

"सिस्टर, का?"

एस्तेरने पिशवीची गाठ मारली. "बस तिथे."

"मी उभीच बरी आहे."

"मागची साथ कागदावर संपली, तेव्हा मी याच वॉर्डात होते," एस्तेर म्हणाल्या. "आठ दिवसांत यंत्रं उचलून नेली. भूलतज्ज्ञ गेला. मग महिन्याभरात तीन बाळंतिणी कोल्हापूरच्या रस्त्यावर गेल्या, गाडीतच. त्यातल्या एकीचा हात माझ्या हातात होता. आता ऑगस्टमध्ये सलग तीन शून्यं आली. मी म्हटलं, चौथं नको. थोडे दिवस अजून. बावीस मुली आहेत, एक भूलतज्ज्ञ आहे. तेवढ्यात सरकारला पत्रं लिहू, यातलं काही कायमचं मागू. मी सात पत्रं लिहिली, हेमा."

"उत्तर?"

"साथ असेतोवर मदत चालू राहील, एवढंच."

कुठेतरी पाईपमधून वाफ सुटल्याचा आवाज झाला.

"सुनंदा गुरवला दुसरं इंजेक्शन कुणी दिलं?"

"मी."

पिशवी त्यांनी मोरीच्या कठड्यावर ठेवली. "तिसावा तास होता ड्यूटीचा. दोन मुली तापाने पडल्या होत्या, साध्याच तापाने. वहीत आधीची नोंद होती, मी पान उलटलं नाही."

"म्हणजे त्यानंतरच्या कुप्या तुम्ही स्वतःसाठी ओतल्यात."

"वॉर्डासाठी ओतल्या."

"बारा सप्टेंबरनंतरही?"

"मी रोज स्वतःला हेच विचारते," त्या म्हणाल्या. "तुला खरं उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाही."

हेमांगीला वाटलं, हे उत्तरही तयार करून ठेवलेलं असेल. मग असं वाटल्याची लाज वाटली. मग लाज वाटूनही ते वाटणं गेलं नाही.

"पुढच्या बुधवारपासून पाणी स्वच्छ मिळेल तुला," एस्तेर म्हणाल्या. "चार आठवड्यांत कायदा आपोआप उठेल. मुलींना महिना मिळेल दुसरी नोकरी बघायला. पोतनीस वडिलांकडे जातील. झालं ते साथीतलं ठरेल, कुणावर काही येणार नाही. तुझ्यावरही नाही, तुझ्या सह्या आहेत त्या आकड्यांवर."

ते अगदी खरं होतं. कलम अकरा हेमांगीलाही लागू होतं. चुकीचा आकडा नकळत पाठवला, तर ती सद्भावना. आजपासून पाठवला, तर नाही. आणि चाचणीत कुणी हात घातल्याचं सिद्ध झालं, तर साथ संपल्याची तारीख मागे नेता येते, असंही कायद्यात होतं. तारीख मागे गेली की सात सप्टेंबरनंतर त्या वॉर्डात ज्याने ज्याने सुई टोचली, त्या प्रत्येकाच्या डोक्यावरचं छप्पर उडणार होतं. बावीस मुलींचंही.

तिने चहा घेतला नाही. त्या दिवशी जिल्ह्याला आकडाही पाठवला नाही. यंत्र बिघडलं असं कळवलं. आयुष्यातला तिचा तो पहिला खोटा अहवाल. संध्याकाळपर्यंत ती स्वतःला समजावत राहिली, की सिस्टर म्हणतात त्यात कुणाचंच नुकसान नाही. चार आठवडे. नुसतं गप्प बसायचं.

पाच वाजता गुरव आला. आज त्याने विचारलंच नाही. बाकावर बसला आणि तिकिटाच्या यंत्राचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"ताई, एक सांगू का? मला कुणाला जेलात घालायचं न्हाई. पर मी दोन दिस त्या गेटावर हुबा होतो. आत सोडलं न्हाई, साथ हाय म्हणून. साथ होती, तर मग आपलं नशीब. एवढंच मला पक्कं कळू दे. व्हती न्हवं?"

हेमांगी त्याच्याकडे बघायचं टाळू शकली असती. तिने टाळलं नाही.

"नव्हती," ती म्हणाली. "सात तारखेलाच संपली होती."

पुढचं सगळं भराभर झालं. तिने नमुने, संहितेचे कागद आणि स्वतःच्या खोट्या अहवालाची कबुली जिल्ह्याला पाठवली. एस्तेरचं नाव तिने लिहिलं नाही. एस्तेरने ते स्वतःच लिहून दिलं, त्याच दिवशी. साथ संपल्याची तारीख सात सप्टेंबर ठरली. बावीस मुली तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर आपापल्या बॅगा घेऊन उभ्या होत्या आणि हेमांगी रस्त्याने गेली तेव्हा एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. व्हेंटिलेटर ट्रकमध्ये चढले. भूलतज्ज्ञ गेला. पोतनिसांचा राजीनामा मंजूर झाला, पण चौकशी संपेपर्यंत जिल्हा सोडायची मनाई झाली. दिवाळीच्या सुमारास एका अडलेल्या बाईला कोल्हापूरला न्यावं लागलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली. हेमांगीने ती बातमी येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

डिसेंबरात पंचायत समितीच्या सभागृहात चौकशी झाली. चौकशी अधिकारी एक शांत, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. एस्तेरच्या वकिलाने त्यांना बजावून ठेवलं होतं, की प्रत्येक उत्तरात 'सद्भावनेने' हा शब्द आला पाहिजे. त्यांनी तो एकदाही वापरला नाही. इंजेक्शन दिलं, वहीचं पान उलटलं नाही, लस ओतली. सगळं जसं घडलं तसं सांगितलं.

शेवटी दत्ताराम गुरव उठला. "मला एकच इचारायचंय," तो म्हणाला. "ती शेवटाला काय बोलली का?"

वकिलाने नको अशी मान हलवली. एस्तेर उभ्या राहिल्या.

"बोलली. अकराच्या सुमाराला शुद्धीवर होती. म्हणाली, अकरा वीसची गाडी यायची वेळ झाली, खिडकी उघडा. मी उघडली. गाडी गेली, ती तिने ऐकली. मग झोप येतीये म्हणाली."

गुरवचा हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट बसला. "दोन दिस गेटावर काढून तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलो. त्या गाडीवर मीच होतो. हास्पिटलाजवळ ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं व्हतं. दोनदा." त्याचा आवाज खाली गेला. "दोनदा वाजला का?"

"दोनदा वाजला," एस्तेर म्हणाल्या.

गुरव खाली बसला. खिशातून रुमाल काढून त्याने तोंडावर धरला आणि तसाच धरून ठेवला.

हेमांगी एस्तेरच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ऑक्टोबरात पंचनाम्याच्या वेळी नळ दाखवताना हेमांगीनेच तो वॉर्डही अधिकाऱ्यांना फिरवून दाखवला होता. आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून तिथली एकूण एक खिडकी चौकटीला चिकटद्रव्य भरून बंद केलेली होती. छतातले पंखे हवा खेचत असत, त्यांच्या घरघरीत शेजारच्या खाटेवरचं बोलणंही नीट ऐकू यायचं नाही. एखादी खिडकी त्या दिवशी उघडून पुन्हा बंद केली असेल का? असेलही. तिने तसं कुठे तपासलं होतं?

अधिकारी बाईंनी पानं चाळली. "लोहारबाई, वॉर्डाची पाहणी तुमच्यासमोर झाली आहे. आत्ताच्या जबाबात तुम्हाला काही दुरुस्ती सुचवायची आहे?"

सभागृहातली सगळी माणसं तिच्याकडे वळली. फक्त एस्तेर वळल्या नाहीत.

"नाही," हेमांगी म्हणाली.